देवाचं प्रेम स्वीकारायला शिकताना : रोजच्या ख्रिस्ती जीवनासाठी एक वाट

पंडिता रमाबाईंनी 1883 मध्ये इंग्लंडमधल्या वाँटेज इथे, लेक मनोरमा हिच्यासह, बाप्तिस्मा घेतला. पुढे त्या अमेरिकेत गेल्या, 1889 मध्ये मुंबईला येऊन त्यांनी विधवांसाठी शारदा सदन काढलं, मग ते पुण्याला नेलं. शास्त्राचा अभ्यास अफाट, सेवा अखंड. तरीही बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी त्यांना उमगलं, की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, पण ख्रिस्त अजून मिळालेला नाही. ही गोष्ट त्यांनी आपल्या साक्षीत स्वतःच लिहून ठेवली आहे. दुष्काळात मध्य प्रांतातून उपाशी मुलींना आणून केडगावला आसरा देणाऱ्या आणि अखेरच्या वर्षांत एकटीच्या बळावर बायबल मराठीत आणणाऱ्या रमाबाई या त्यानंतरच्या.

रमाबाईंसारखी व्यक्ती हे लिहिते, तेव्हा आपल्याला धीर यायला हवा. देव प्रीती आहे हे आपण संडे स्कूलपासून पाठ म्हणतो. रविवार चुकत नाही, दशांश चुकत नाही, उपासाचे दिवस पाळले जातात. पण रात्री दिवा मालवल्यावर मनात जे उरतं ते बहुतेक वेळा प्रेम नसतं. आपण कुठेतरी कमी पडलो, देव नाराज असेल, अशी हुरहुर असते. ती हुरहुर घेऊन माणसं आयुष्यभर मंडळीत येतात आणि कुणाला सांगत नाहीत. हा लेख त्यांच्यासाठी आहे.

आपलं काम कोणतं आणि देवाचं कोणतं

पौल रोमकरांस लिहिलेल्या पत्रात (5:5) म्हणतो, की देवाचं प्रेम पवित्र आत्म्याच्या द्वारे आपल्या अंतःकरणात ओतलेलं आहे. ओतणारा तो. योहानही पहिल्या पत्रात (4:19) क्रम सांगून टाकतो : आधी त्याने प्रीती केली, मग आपण. म्हणजे प्रेम निर्माण करायचं काम आपल्याकडे दिलेलंच नाही. आपल्याकडे आहे ते घेण्याचं काम, आणि आपल्याला नेमकं तेच जड जातं.

शेजारणीने डबा पाठवला तर तो रिकामा परत करायचा नाही, ही आपल्या घरांतली रीत. रीत चांगली आहे, पण देवाशीही आपण तसंच वागतो. त्याने काही दिलं की हातात घेतल्याबरोबर परतफेडीची घाई : आता काय करू, कोणता नवस बोलू, कोणती सेवा वाढवू? त्याने दिलेलं चाखायलासुद्धा आपण थांबत नाही.

इफिसकरांस पत्राच्या तिसऱ्या अध्यायात पौल गुडघे टेकून प्रार्थना करतो, की तुम्हाला ख्रिस्ताच्या प्रीतीची रुंदी, लांबी, उंची, खोली समजून घेण्याचं सामर्थ्य मिळो. ही प्रार्थना विश्वास ठेवणाऱ्यांसाठीच आहे, बाहेरच्यांसाठी नाही. प्रेम घ्यायलाही बळ लागतं, आणि ते मागावं लागतं. तेव्हा पुढचं सगळं करण्याआधी रोज एवढंच मागा : ‘प्रभू, तू माझ्यावर प्रेम करतोस हे मला माहीत आहे. ते घेण्याचं बळ मला दे.’

वेळ आणि जागा

रोज पंधरा ते वीस मिनिटं पुरतात. सुरुवातीला एक तास ठरवू नका, आठवड्यात मोडेल.

घरात वेगळी खोली असेल तर उत्तम. बहुतेकांकडे नसते. दोन खोल्यांत पाच माणसं राहतात, सकाळी पाण्याची वेळ, मुलांची शाळा, लोकल. मग घरातले उठण्याआधी स्वयंपाकघरातला एक कोपरा घ्या, किंवा कामावर पोचल्यावर गाडीत किंवा बाकावर दहा-पंधरा मिनिटं बसा, किंवा वाटेतलं देऊळ, म्हणजे चर्च, उघडं असेल तर आत जाऊन शेवटच्या बाकावर टेका. जागा कोणतीही चालेल, मात्र ती रोज बदलू नका. शरीराला सवय लागते आणि मन त्याच्या मागोमाग येतं.

मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवा. मोबाइलवर बायबल वाचायची सवय अनेकांना आहे आणि प्रवासात ती उपयोगी पडते, पण या वीस मिनिटांसाठी छापील प्रत घ्या. एक निरोप दिसला की मन दिवसाच्या कामांकडे धावतं आणि परत आणायला वेळ लागतो.

आधी फक्त त्याच्या नजरेसमोर उभं राहा

येशूसंघाचे संस्थापक संत इग्नेशियस लोयोला यांनी ‘आध्यात्मिक साधना’ या आपल्या पुस्तकात एक बारीकशी सूचना दिली आहे. मला ती सगळ्यांत कामाची वाटते. प्रार्थनेला बसायची जागा असेल तिच्या एक-दोन पावलं अलीकडे उभं राहायचं. ‘आमच्या स्वर्गातील पित्या’ म्हणायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ, देव माझ्याकडे पाहतो आहे याची मनाला जाणीव द्यायची. मग नम्रपणे वाकून नमस्कार करायचा आणि बसायचं.

तो कसा पाहतो? मार्कच्या शुभवर्तमानात (10:21) श्रीमंत तरुण येशूकडे येतो, तिथे मार्क एक गोष्ट टिपून ठेवतो : येशूने त्याच्याकडे न्याहाळून पाहिलं आणि त्याच्यावर प्रीती केली. कधी? त्याने काही सोडण्याच्या आधी. पुढे तो तरुण खिन्न होऊन निघून गेला, तरी ती नजर खोटी ठरली नाही. तुमच्यावर पडणारी नजर तीच आहे.

पहिले काही दिवस एवढंच करा. उभं राहा, त्या नजरेखाली थांबा, बसा, शांत राहा. विनंत्यांची यादी बाजूला ठेवा, ती दिवसात दुसऱ्या वेळी म्हणता येईल. मन भटकेल, किराणा आठवेल, कालचं भांडण आठवेल. लक्षात आलं की ‘प्रभू, मी इथे आहे’ म्हणून परत या. वीस मिनिटांत वीस वेळा परत यावं लागलं तरी ती प्रार्थना वाया गेलेली नसते.

एक उतारा, एक आठवडा

वर्षात बायबल पुरं करण्याचा नेम चांगला आहे, तो असेल तर मोडू नका. पण या वेळेसाठी वेगळी रीत घ्या : आठवडाभर एकच छोटा उतारा. बाराव्या शतकात ग्विगो नावाच्या एका मठाधिपतीने अशा वाचनाच्या चार पायऱ्या मांडल्या आहेत : वाचन, मनन, प्रार्थना आणि शेवटी शब्दांशिवाय देवाजवळ राहणं. आधी हळू, शक्यतो पुटपुटत वाचा. जो शब्द अडवेल तिथे थांबा, तोच घोळवा. त्यातून मनात जे उठेल ते देवाला सांगा. मग गप्प बसा.

सुरुवातीसाठी माझी निवड अशी : यशया 43:1-4, होशेय 11:1-4, स्तोत्र 139, लूक 15:11-32, मार्क 10:46-52, योहान 13:1-15, योहान 21:1-17. क्रम कोणताही चालेल.

लूकच्या पंधराव्या अध्यायातला उधळ्या पुत्राचा दाखला उदाहरणादाखल घेऊ. हा दाखला आपण इतका ऐकला आहे की तो कानांवरून जातो. म्हणून त्याला आपल्या गावात आणून बघा. बाप जिवंत असताना धाकटा वाटणी मागतो. याचा अर्थ मराठी माणसाला समजावून सांगावा लागत नाही. बाप जिवंत असताना वाटणी मागितली की गावात काय बोललं जातं, भावकीत काय होतं, बापाची मान कशी खाली जाते, हे आपण पाहिलेलं असतं. या दाखल्यातला बाप वाटणी करून देतो. मुलगा सगळं उडवतो, डुकरं राखायला लागतो, उपाशी मरायला लागतो, तेव्हा त्याला घर आठवतं. ते प्रेमापोटी आठवतं असंही नाही, बापाच्या मजुरांना पोटभर भाकर मिळते म्हणून आठवतं. बापाला तेवढंही पुरतं.

आता विसाव्या वचनावर थांबा. तो दूर असतानाच बाप त्याला पाहतो आणि धावतो. आपल्याकडे घरातला कर्ता वडीलधारा माणूस भर रस्त्यात धोतराचा सोगा सांभाळत धावत नाही. लोक बघत असतात. हा बाप धावतो, गळ्यात पडतो, मुके घेतो, आणि तोवर मुलाच्या तोंडून एक शब्दही निघालेला नसतो.

पुढे आणखी एक गोष्ट बघा. मुलाने वाटेत जे वाक्य जुळवलं होतं त्यात (15:19) ‘मला तुमच्या एका मजुरासारखं ठेवा’ असं होतं. प्रत्यक्ष बापासमोर (15:21) तो तिथपर्यंत पोचतच नाही. बाप त्याआधीच चाकरांना हाक मारतो : झगा आणा, अंगठी आणा, जोडा आणा. मजूर होऊन राहण्याचा त्याचा बेत बापाने ऐकूनच घेतला नाही. तुमच्या प्रार्थनेतलं मजुरासारखं वाक्य कोणतं? ‘प्रभू, मी लायक नाही, पण निदान एवढं तरी...’ ते वाक्य शोधा आणि बापाने ते मध्येच तोडलं अशी कल्पना करून काही वेळ तिथेच राहा.

थोरल्याला विसरू नका. नियमाने देवळात येणाऱ्या आपल्यापैकी पुष्कळजण थोरलेच असतो. तो शेतातून येतो, वाजंत्री ऐकतो आणि रागाने अंगणातच उभा राहतो. इतकी वर्षं मी तुमची चाकरी केली, हे त्याचे शब्द. घरात राहून तो चाकर झाला होता. बाप त्याच्यासाठीही बाहेर येतो, त्याला समजावतो आणि सांगतो की माझं आहे ते सगळं तुझंच आहे. तो आत गेला की नाही, हे येशू सांगत नाही. एक सबंध दिवस या अंगणात घालवा. कुणाला क्षमा मिळाली म्हणून तुम्ही बाहेर उभे आहात? मंडळीतला कुणी परत आला, त्याला पुढची खुर्ची मिळाली, आणि तुमच्या कामाचं कुणी नाव घेतलं नाही, असं काही आहे का? तिथेच बाप तुमच्याजवळ आलेला आहे.

मनात आहे ते बोला, आणि आपल्या भाषेत बोला

वाचनानंतर बोलायचं. इग्नेशियस सांगतात, मित्र मित्राशी बोलतो तसं. इथे आपल्याला सवय आडवी येते. उपासनेतली प्रार्थनेची भाषा जड असते, ‘हे परमकृपाळू परमेश्वरा’ने सुरू होते, आणि त्या भाषेत नवऱ्याचा राग, नोकरीची भीती, पोरीच्या लग्नाची चिंता मावत नाही. मग ते मनातच राहतं आणि देवापुढे आपण सभ्य होऊन बसतो.

घरी ज्या बोलीत बोलता त्या बोलीत बोला. वाडवळीत, सामवेदीत, कोकणीत, अहिल्यानगरच्या खेड्यातल्या मराठीत. नारायण वामन टिळकांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतल्यानंतर मराठी मंडळीला दिलेली मोठी देणगी हीच आहे : अभंग आणि पदं यांच्या चालीवर ख्रिस्ताशी बोलायची मोकळीक. त्यांची पदं आजही उपासनेत म्हटली जातात. शब्द सुचत नसतील त्या दिवशी त्यांतलं एखादं पद हळू आवाजात म्हणा, गाणं प्रार्थनेचं काम करतं.

तक्रारही करा. स्तोत्र 13 ‘किती वेळ, प्रभू?’ असं विचारतं. स्तोत्र 88 तर अंधारातच संपतं, शेवटी दिलाशाची एक ओळही नाही, आणि तरी ते पवित्र शास्त्रात आहे. देवाला तुमचा राग झेपतो. हृदय बंद होतं ते रागाने कमी आणि गोड बोलून काही न सांगण्याने जास्त, असं मला वाटतं.

बोलणं जमत नसेल तर वही घ्या आणि त्याला पत्र लिहा. ती वही कुणाला दाखवायची नाही, म्हणजे खरं लिहिलं जाईल.

दिवसभर

सतराव्या शतकात पॅरिसच्या कार्मेलाइट मठात ब्रदर लॉरेन्स नावाचे एक साधे बंधू होते. त्यांना स्वयंपाकघराचं काम मिळालं. त्या कामाची त्यांना मुळात आवड नव्हती. पण भांड्यांच्या गडबडीतही देवाशी बोलत राहायचं, प्रत्येक काम त्याच्या प्रेमासाठी करायचं, ही सवय त्यांनी वर्षानुवर्षं लावून घेतली. चुकलं, विसर पडला, तर स्वतःला फार न टोचता परत सुरुवात करायची, असं ते करत.

करायला सोपी रीत अशी. रोजची तीन-चार कामं निवडा : कुकर लावणं, जिना चढणं, गाडी सुरू करणं, दुकानाचं शटर वर करणं. प्रत्येकाला एक छोटी प्रार्थना जोडा. ‘येशू, मी तुझा आहे.’ ‘बापा, तू इथे आहेस.’ किंवा यरीहोच्या वाटेवरच्या आंधळ्या बार्तीमयाची हाक : ‘येशू, दाविदाच्या पुत्रा, माझ्यावर दया कर.’ शेवटची प्रार्थना श्वासाबरोबर म्हणता येते आणि गर्दीच्या लोकलमध्येही जमते.

रात्रीची दहा मिनिटं

झोपण्यापूर्वीची ही साधनाही इग्नेशियसचीच, पाच भागांची. आधी आजच्या दिवसासाठी आभार. मग दिवस नीट दिसावा म्हणून पवित्र आत्म्याकडे प्रकाश मागायचा. मग सकाळपासून रात्रीपर्यंत दिवस हळूहळू डोळ्यांपुढून जाऊ द्यायचा. जिथे चुकलं तिथे क्षमा मागायची. शेवटी उद्यासाठी कृपा मागून प्रभूची प्रार्थना म्हणायची.

पुष्कळजण ही साधना पापांचा जमाखर्च म्हणून करतात आणि आठवड्यात कंटाळून सोडतात. पहिली पायरी आभाराची आहे, ती घाईने उरकू नका. आभारही मोघम नकोत. ‘सगळ्यासाठी धन्यवाद’ म्हटलं की मनाला काहीच दिसत नाही. आज सासूबाईंनी न सांगता भाजी निवडून ठेवली. रिक्षावाल्याने विसरलेली पिशवी परत आणून दिली. गुडघा कालपेक्षा कमी दुखला. अशा गोष्टी नाव घेऊन सांगा आणि प्रत्येकीशी क्षणभर थांबा : हे तू मला दिलंस.

दिवस पाहताना दोन प्रश्न पुरतात. आज प्रेम माझ्याकडे कुठून आलं? आणि मी कुठे दार लावून घेतलं? दुसऱ्याचं उत्तर पहिल्याच्या उजेडात शोधा, म्हणजे पश्चात्ताप भीतीतून येणार नाही.

जिथे अडतं

काहींना ‘पिता’ हा शब्दच बोचतो. ज्यांनी दारू पिऊन येणारा, हात उगारणारा बाप पाहिला, त्यांना देव बापासारखा आहे हे शुभवर्तमान वाटत नाही. अशा वेळी मनावर जबरदस्ती करू नका. यशया (49:15) देवाची तुलना अंगावर पाजणाऱ्या आईशी करतो आणि म्हणतो, आई विसरेल पण देव विसरणार नाही. येशू स्वतःला पिल्लांना पंखांखाली घेणाऱ्या कोंबडीसारखा म्हणतो (लूक 13:34), शिष्यांना मित्र म्हणतो (योहान 15:15). या दारांनी आत या. पित्याचं दार कधी ना कधी उघडेल, त्याची घाई देवाला नाही. आणि आजही घरात मारहाण होत असेल तर क्षमा करणं म्हणजे मार खात राहणं, असं कुणी सांगितलं तरी मानू नका. सुरक्षित जागी जा, मदत घ्या. देवाच्या प्रेमाचा तोही भाग आहे.

काहींना काहीच वाटत नाही, आठवडे आणि महिने कोरडे जातात. मदर तेरेसा यांची पत्रं 2007 मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा कळलं की त्यांनी अनेक दशकं अंतरात अंधार सोसला आणि त्याच काळात कोलकात्याच्या रस्त्यांवरच्या मरणाऱ्यांना उचललं. भावना आली तर घ्या, नाही आली तर वेळ पाळा. मात्र झोप उडाली असेल, जेवण जात नसेल, जगावंसं वाटत नसेल, तर त्याला विश्वासाची उणीव म्हणू नका आणि डॉक्टरकडे जा. एलीया झुडपाखाली पडून मरण मागत होता (1 राजे 19), तेव्हा देवाने त्याला उपदेश केला नाही. दूताकरवी भाकर आणि पाणी दिलं, झोपू दिलं, पुन्हा खाऊ घातलं. बोलणं नंतर झालं.

आणि काहींना आपलं पाप मध्ये उभं दिसतं. त्यांनी पेत्राचं शेवटचं प्रकरण वाचावं. महायाजकाच्या अंगणात कोळशाच्या विस्तवापाशी (योहान 18:18) त्याने येशूला नाकारलं. पुनरुत्थानानंतर तलावाच्या काठी येशू पुन्हा कोळशाचा विस्तव पेटवून बसला आहे (21:9), त्यावर मासळी आहे, आणि तो शिष्यांना न्याहारीला बोलावतो. आधी खाऊ घालतो, मग तीनदा विचारतो : माझ्यावर प्रीती करतोस का? झालेलं लपवून ठेवत नाही आणि त्यावरून टाकूनही बोलत नाही. सुधारून मग देवाकडे जाईन, हा विचार सोडा. कॅथलिक असाल तर पापनिवेदनाला जा, वर्षं झाली असतील तरी जा, फादरांना सरळ सांगा की पुष्कळ दिवसांनी आलो, पुढे कसं करायचं ते ते सांगतील. इतर मंडळींत असाल तर विश्वासू पाळकाला किंवा पोक्त बंधुभगिनीला गाठा. एकमेकांजवळ पापं कबूल करा, असं याकोबाने (5:16) उगीच सांगितलेलं नाही. मनात कबूल केलेलं मनातच फिरत राहतं. दुसऱ्याच्या तोंडून ‘प्रभूने क्षमा केली’ हे ऐकलं की ते कानावाटे आत उतरतं.

माणसांकडून घेणं

देव आपलं प्रेम पुष्कळदा माणसांच्या हातून पाठवतो, आणि आपण ते हात परत पाठवतो. शेवटच्या भोजनाच्या रात्री पेत्र पाय धुवून घ्यायला तयार नव्हता. येशूने त्याला बजावलं, की मी तुला धुतलं नाही तर माझ्यासंगती तुला वाटा नाही (योहान 13:8). या आठवड्यात कुणी मदत देऊ केली तर ‘नको, राहू दे’ म्हणू नका. आजारपणात मंडळीतली बाई पेज घेऊन आली तर तिला बसू द्या, घर आवरलेलं नसलं तरी. प्रभुभोजनाला किंवा मिस्साबलिदानात ख्रिस्तप्रसादासाठी हात पुढे करताना ते हात रिकामे आहेत याची लाज धरू नका. तिथे रिकामेच हात लागतात.

एक सोबतीही शोधा. महिन्यातून एकदा ज्याच्याशी मोकळेपणी बोलता येईल असा अनुभवी पाळक, सिस्टर, फादर किंवा प्रार्थनेत मुरलेली एखादी आजी. तिला किती अध्याय वाचले हे सांगू नका. कुठे प्रेम जाणवलं, कुठे मन आक्रसलं, कोणत्या उताऱ्यावर पुन्हा पुन्हा अडलात, एवढं सांगा आणि ती काय म्हणते ते ऐका. उतारा सुटत नसेल तर पुढच्या महिन्यातही तोच चालू ठेवा. मधले काही दिवस प्रार्थना चुकली असेल तर ते भरून काढायला दुप्पट वेळ बसू नका, आजच्या पंधरा मिनिटांपासून सुरुवात करा.